चेहऱ्यांचा रकाना

एकोणीस वर्षांपूर्वी चिताऱ्याला एक पत्र आलं होतं आणि त्याचं उत्तर त्याने दिलं नव्हतं.

द्यायचं नव्हतं असं नाही. आज लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता पाच-सहा मसुदेही झाले होते. पहिला मसुदा माफीनेच एवढा भरला की मुद्द्याला जागा उरली नाही. दुसऱ्यात मुद्दा आला, पण वाचून पाहिल्यावर वाटलं, आपण उलट त्या बाईलाच दटावतो आहोत. तिसरा फार गोड झाला. पुढचे कसे झाले ते त्यालाही आठवत नव्हतं. बोलायची वेळ आली की तोंडात मूग आणि लिहायची वेळ आली की हातात दगड, असा हा माणूस. सगळे त्याला चितारी म्हणत. त्याची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, ती त्याला ‘आमचं मुकं’ म्हणे.

पत्र एका परिचारिकेचं होतं. चिताऱ्याने टॅरोचे पत्ते काढले होते, त्यांच्याबद्दल. अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा तो जोड. मूर्ख, जादूगार, सम्राट, सम्राज्ञी, सैतान, सूर्य असले बावीस मोठे पत्ते आणि बाकी छप्पन्न लहान. लोक ते मांडून भविष्य बघतात. चिताऱ्याला भविष्यात काडीचा रस नव्हता. छापखान्याच्या मालकांनी काम दिलं, त्याने दीड वर्ष मान मोडून ते केलं, आणि त्याच्या हातून झालेल्या सगळ्या कामांत हे एकच असं होतं की जे दुकानाच्या काचेत दिसलं तर तो रस्ता ओलांडून पलीकडून जात नसे.

परिचारिकेने लिहिलं होतं:

‘दुपारी वॉर्ड शांत झाला की मी तुमचे पत्ते पेशंटांसमोर मांडते. त्यांचा वेळ जातो, माझाही जातो. परवा बसून पत्त्यांतली माणसं मोजली. एकशे बारा भरली. माझ्या रंगाची दोन. एक सैतान आणि दुसरा बर्फातून लंगडत जाणारा भिकारी. यांतला कुठलाही निघाला की पेशंट म्हणतात, सिस्टर, तुमचा फोटो आला. मीही हसते. रागाने लिहीत नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे. तुम्ही राहता, काम करता तिथे माझ्यासारखं कोणी नाही का? की आहे, पण दिसत नाही?’

एवढंच. खाली सही, आणि इस्पितळाचा पत्ता.

रागाचं पत्र असतं तर बरं झालं असतं. रागाला माफी मागून मोकळं होता येतं. पण बाईने प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर चिताऱ्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

तर एकोणीस वर्षांनी, एका सोमवारी, छापखान्याच्या मालकीणबाई घरी आल्या. थोरले मालक गेल्यापासून त्यांची ही मुलगी छापखाना बघायची. ती लहान असताना चिताऱ्याच्या टेबलाखाली बसून खडू खायची, त्यामुळे तो तिला अजून ‘अगं’ म्हणे आणि मग स्वतःच ओशाळे.

“काका, पत्ते परत काढतेय,” लॅपटॉप उघडत ती म्हणाली. “मागणी आहे. फक्त एक करायचंय. सगळे चेहरे एकाच रंगाचे आहेत, ते आता कोणी घेणार नाही. सगळ्या वंशांची माणसं दिसली पाहिजेत. मी सोपं केलंय. हे बघा, दर तिसरा चेहरा तपकिरी, दर सातवा सावळा, मधूनमधून पिवळसर. एका बटणात होतं. तुमची सही तेवढी हवी.”

ताई कोपऱ्यात उसवलेला उशीचा अभ्रा शिवत बसली होती. “दर तिसरा,” ती म्हणाली. “म्हणजे सगळ्यांना पंगतीत बसवून वाढतेस की काय.”

“ताई, कुठूनतरी सुरुवात करायला हवी ना.”

चितारी पडद्याकडे बघत होता. सम्राट पांढराफटक राहिला होता, त्याच्या मागचा भालेवाला तपकिरी झाला होता. सम्राज्ञी सावळी झाली होती, पण तिचे हात मात्र गोरेच राहिले होते. काहीतरी चुकत होतं, हातांपलीकडचं काहीतरी.

“मूळ चित्रं आहेत का गं?” त्याने विचारलं.

“गोदामात असतील. का?”

“बघायची होती. दोन दिवस दे.”

मालकीणबाईंनी सुस्कारा टाकला, पण त्याच दुपारी पत्र्याची पेटी हातगाडीवरून घरी पाठवली.

पेटी उघडल्यावर जुन्या शाईचा आणि डिंकाचा वास आला. आत अठ्ठ्याहत्तर चित्रं होती, नुसती काळ्या रेघांची, रंग न चढलेली. छापखान्यात तेव्हा काम असं चाले: चितारी काळ्या रेघांत चित्र काढी, मग प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा बनवत. पिवळा, लाल, निळा, तपकिरी आणि पाचवा चेहऱ्याहातांसाठी, ज्याच्या डब्यावर ‘अंगरंग नं. २’ अशी चिठ्ठी होती. नंबर एक कधी कुणी पाहिला नव्हता.

चिताऱ्याने भिंग घेतलं आणि खिडकीशी बसला. पाच मिनिटांत त्याच्या तोंडून ‘अरेच्चा’ निघालं, जे सहसा निघत नसे.

रंगाशिवाय ती माणसं ओळखीची होती. सम्राज्ञी म्हणजे बाइंडिंग खात्यातली मुकादमीण. तेच रुंद नाक, तेच घट्ट कुरळे केस, तीच कमरेवर हात ठेवून उभं राहायची ढब. मूर्ख म्हणजे कोपऱ्यावरचा चाकांना वंगण घालणारा सायकलवाला, ज्याचे डोळे हसताना नुसत्या दोन रेघा व्हायचे. कंदीलवाला संन्यासी म्हणजे पोस्टमन. आणि सिंहासनावर गुडघे फाकवून बसलेला सम्राट? छापखान्याचा मशीनमन, दुसरा कोण. जाड ओठ, रुंद कपाळ, आणि यंत्र बिघडलं की खालचा जबडा पुढे काढायची सवय. काळाभोर, उंचापुरा माणूस. चितारी तीस वर्षं त्याच्यापासून दहा पावलांवर बसत होता.

“ताई,” तो म्हणाला, “मी सगळ्यांना काढलं होतं.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. ती सिस्टर विचारत होती ना, तिच्यासारखं कोणी नाही का. होतं. हे बघ. मी काढलं होतं. छापताना रंग एकच चढवला त्यांनी.”

“त्यांनी म्हणजे कुणी?”

“छापखान्याने.”

ताईने चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे पाहिलं आणि परत अभ्रा उचलला. तरी त्या संध्याकाळी त्याने एका बैठकीत पत्र लिहिलं. दोन पानं. अक्षरही छान आलं. मी तुम्हाला पाहिलं होतं, काढलंही होतं, पण छापखान्याने तुमच्यावर दुसराच रंग फासला. वाचून त्याचं त्यालाच बरं वाटलं. पाकिटात घालून त्याने तोंडही चिकटवलं.

सकाळी चित्रं परत पेटीत लावताना तळाला एक घडी केलेला मोठा कागद सापडला. रंगतक्ता. डावीकडे अठ्ठ्याहत्तर पत्त्यांची नावं, मग एकेका भागाचा रकाना: आकाश, जमीन, वस्त्र, चेहरा. ठसे करणाऱ्याला कुठे कोणता रंग, ते यावरून कळे. आकाशाच्या रकान्यात काय काय लिहिलं होतं: फिकट निळा, पावसाआधीचा करडा, निळ्यावर पिवळा पुसट. वस्त्रांचा रकाना तर कवितेसारखा. आणि चेहऱ्याच्या रकान्यात पहिल्या ओळीत ‘अंगरंग नं. २’ आणि त्याखाली दोन छोट्या रेघा. म्हणजे वरीलप्रमाणे. त्याखाली दोन रेघा. त्याखाली दोन रेघा. घसरगुंडीवरून सुटल्यासारखा तो रकाना खालपर्यंत गेला होता.

अक्षर चिताऱ्याचं होतं. रेघाही त्याच्याच.

तो पलंगावर बसला. ताईने कागद हातात घेतला, लांब धरून वाचला.

“पाट्या टाकल्यास की रे,” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. “ढगांसाठी डोकं खाजवलंस आणि माणसांना वरीलप्रमाणे.”

“घाई असेल. मालक मागे लागले असतील.”

“असेल. आणि हे काय? इथे रेघा नाहीत.”

दोन ठिकाणी रेघा नव्हत्या. तिथे चिताऱ्याने थांबून, पेन उचलून, नीट अक्षरात ‘तपकिरी’ लिहिलं होतं. एक सैतान आणि दुसरा बर्फातला भिकारी.

घाई असती तर तिथेही रेघाच ओढल्या गेल्या असत्या. घाईत माणूस थांबत नाही. इथे तो थांबला होता.

चिताऱ्याने पेटीतून सैतानाचं चित्र काढलं. शिंगं, वटवाघळाचे पंख, आणि मधे एक लांबट चेहरा, खाली झुकलेल्या भुवया, ओठ आत ओढलेले. कोण होता हा? त्याने भिंग लावलं. छापखान्यातला नाही, गल्लीतला नाही. ताई खांद्यावरून डोकावली आणि तिला हसू आवरेना.

“अरे, तूच आहेस तो.”

“मी?”

“रुसून बसायचास तेव्हा असाच दिसायचास. आई म्हणायची, बघा, सैतान उंबऱ्यावर बसलाय. आरसा घे हवा तर.”

आरसा घ्यायची गरज नव्हती. आता त्याला आठवलं. सैतानासाठी कोणाला बसा म्हणणार? तेव्हा दाढीच्या आरशात बघून स्वतःचाच चेहरा काढला होता. चितारी जन्मभर घरात आणि पुस्तकांत राहिलेला, पिठासारखा फिकट माणूस. सैतान त्याच्यासारखा दिसत होता आणि त्यालाच फक्त त्याने आपला रंग दिला नव्हता.

भिकाऱ्याचं चित्र त्याने पाऊण तास न्याहाळलं. इथे कोणीच नव्हतं. नाक नुसतं नाक होतं, डोळे नुसते डोळे. हा एकच चेहरा त्याने कोणालाही न बघता काढला होता.

चिकटवलेलं पाकीट त्याने फाडून टाकलं.

“आता परत एकोणीस वर्षं?” ताईने विचारलं.

“पत्ता तरी तोच असेल का आता.”

“काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायची तुझी जुनी खोड,” ती म्हणाली आणि सरळ फोनजवळ गेली. इस्पितळाचा नंबर तिने चौकशीतून मिळवला, तीन जणांशी बोलली, त्यांतल्या एकाला त्याच्या बोलण्यावरून सर्दी झाल्याचं सांगून वाफ घ्यायला लावली, आणि परत आली. “आहे ती. आता मेट्रन झालीय. शुक्रवारी रिटायर होतेय. त्यानंतर कुठे जाणार ते त्यांना माहीत नाही. आज मंगळवार. टपालाला दोन दिवस धर.”

“म्हणजे उद्या—”

“म्हणजे उद्या दुपारपर्यंत टपालपेटीत पडलं पाहिजे. नाहीतर हा प्रश्न तू घेऊन जाशील आणि ती उत्तराशिवाय जाईल.”

चिताऱ्याने टोपी घातली. लिहिण्याआधी एका माणसाला भेटायला हवं होतं. सम्राटाला.

मशीनमन आता मुलीकडे राहत असे, चार रस्ते ओलांडून, दुसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांनी दगा दिला होता, पण बसणं अजून तसंच, सिंहासनावरचं. चिताऱ्याला दारात पाहून त्याने आधी चष्मा पुसला.

“चितारीबुवा स्वतःहून आले. कोण गेलं?”

“कोणी नाही. एक विचारायचं होतं.”

विचारायला चहाचे दोन कप लागले. शेवटी चिताऱ्याने बोलायच्या ऐवजी सम्राटाचं काळ्या रेघांचं चित्र पिशवीतून काढून पुढे ठेवलं.

मशीनमनने चित्राकडे धड पाहिलंही नाही. “मग? मी आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच तावावर कळलं. माझा जबडा मी ओळखणार नाही? चार रंग झाले तोवर मजा वाटत होती. पाचवा ठसा लावला, अंगरंगाचा डबा उघडला, आणि माझ्याच हाताने मी मला गोरा केला. पाच हजार वेळा.”

“बोलला का नाहीत?”

“कुणाला? तुम्हाला? तुम्ही ‘नमस्कार’ म्हटल्यावर लाल व्हायचात. तुम्हाला काही सांगायचं म्हणजे पाप वाटायचं.” तो थोडा वेळ गुडघा चोळत राहिला. “आणि मला वाटलं, असेल. सम्राट व्हायचं तर एवढं द्यावं लागत असेल.”

मग मशीनमनने मुलीला हाक मारली आणि कपाटातला डबा मागवला. त्यात जुन्या पावत्या, बटणं, आणि एक पत्ता होता. सम्राट. पण त्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर तपकिरी शाई होती, रेघांबाहेर गेलेली, आणि गालावर स्पष्ट अंगठ्याचा ठसा.

“हा चेहऱ्याच्या ठशाआधी बाजूला काढलेला. जमिनीच्या डब्यातून बोट बुडवलं आणि पोरांना दाखवायला नेला. म्हटलं, हा तुमचा बाप.”

“बरं केलंत,” चितारी म्हणाला. आणि मग, कारण तो चितारीच होता, त्याला राहवलं नाही. “पण हा तुमचा रंग नाही. हा फार लालसर आहे.”

“जमिनीचाच होता तो. दुसरा डबा होता कुठे?”

चिताऱ्याने रंगांची छोटी पेटी आणलीच होती. त्याने विचारलं, चालेल का, आणि मशीनमनने हात पुढे केला. मग दोन म्हातारे खिडकीशी बसले, एक मनगट समोर धरून आणि दुसरा कागदाच्या पट्टीवर रंग कालवत. चिताऱ्याला वाटलं होतं, तपकिरीत काळा घातला की झालं. झालं नाही. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला निळा लागला. बोटांच्या पेरांशी जांभळट. तळवा निराळाच, आतून दिवा लावल्यासारखा. कपाळावर उजेड पडला तिथे चक्क पिवळा. एकेक पट्टी तो मनगटाशी धरी, मान हलवी, परत कालवी. तीस वर्षं दहा पावलांवर असलेली गोष्ट तो पहिल्यांदा बघत होता, आणि ती इतकी गमतीची होती की लाजायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

“तुमचा धरा की आता,” मशीनमन म्हणाला.

चिताऱ्याने पत्र्याच्या पेटीतून आणलेली अंगरंग नंबर दोनची जुनी पट्टी आपल्या मनगटाशी धरली. जुळली नाही. मशीनमनची नात शाळेतून आली, तिच्याशी धरली. तिच्याशीही नाही. घरी आल्यावर ताईला हात पुढे करायला लावला. तिने आधी दोन शब्द सुनावले आणि मग केला. जुळली नाही. अंगरंग नंबर दोन कोणाच्याच अंगाचा नव्हता.

त्या संध्याकाळी त्याने रंगतक्त्याचा नवा कागद आखला. चेहऱ्याचा रकाना त्याने सगळ्यांत रुंद ठेवला आणि भरायला घेतला. सम्राटापुढे चार ओळी झाल्या. मुकादमीणबाईंपुढे ‘तिच्या बहिणीला विचारायचं’ असं लिहिलं. सायकलवाल्यापुढे, ‘मधासारखा, उन्हाळ्यात गडद’. सैतानापुढे, ‘माझा, फिकट, डोळ्यांखाली करडा’. कितीतरी ओळींपुढे ‘आठवत नाही’ आलं. ते तसंच राहू दिलं.

बुधवारी सकाळी मालकीणबाई सहीसाठी आल्या, तेव्हा त्याने तो कागद पुढे केला. त्यांनी वरून खालपर्यंत वाचला.

“काका, हे एका बटणात होणार नाही.”

“नाही होणार.”

“आणि आठवत नाही तिथे?”

“तिथे बाहेर जाऊन बघावं लागेल. मी जाईन. दर तिसरा करू नकोस, एवढंच. तेही वरीलप्रमाणेच आहे.”

मालकीणबाईंचं बोट सम्राटापुढच्या ‘मशीनमन’ या शब्दावर थांबलं. मग म्हणाल्या, “सम्राट मशीनमनकाका होते? मला त्यांनी खांद्यावर बसवून यंत्र दाखवलं होतं.” आणि कागदाचा फोटो काढून गेल्या.

त्यानंतर चितारी लिहायला बसला. ताई अभ्रा घेऊन बसली, पण टाके घालत नव्हती. अकरा वाजले, साडेअकरा झाले. या वेळी माफी एका ओळीत संपली. उरलेलं असं होतं:

‘तुम्ही विचारलं होतं, तुमच्यासारखं कोणी नाही का. आहे. माझ्या छापखान्यात आणि गल्लीत बरीच होती, आणि मी त्यांना पाहून काढलंही होतं. सम्राट आणि सम्राज्ञी त्यांतलीच. रंग द्यायची वेळ आली तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कागदावर नुसत्या रेघा ओढत गेलो. हे दुसऱ्या कोणी केलं नाही, मीच केलं. सैतानाचा चेहरा माझा आहे. रंग मात्र माझा दिला नाही. भिकारी कोणाचाच नाही. ज्यांना रोज बघत होतो त्यांचा रंग मला सुचला नाही आणि ज्याला कधी पाहिलंच नाही त्याला तुमचा रंग दिला. असं का केलं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग खरा होता. आहे, पण दिसत नव्हतं.’

सोबत त्याने मशीनमनच्या मनगटाशी जुळलेल्या रंगपट्ट्या घातल्या, मागे एकेकीचं नाव लिहून: पेर, तळवा, कपाळ.

“वाचू?” ताईने विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “तू वाचलंस तर मी परत लिहीन.”

ती उठली आणि त्याचे बूट आणून दारात ठेवले.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. बाराची खेप घ्यायला पोस्टमन आलेला होता, हा नवा, तरुण, कानात वायर घातलेला. त्याने पेटीचं दार उघडून पत्रं पोत्यात ओतायला सुरुवात केली होती. चितारी एरवी अशा वेळी मागे थांबला असता. तो पुढे झाला आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

पोस्टमनने पत्ता पाहिला. “इस्पितळ. उद्या मिळेल.”

“उद्या?” चितारी म्हणाला. “बरं.”

पोतं बंद झालं, गाडी वळली आणि गेली.